मामाच्या ट्रंकेतल्या कॅसेटी: असले सिनेमे कोण जपतं, आणि कशासाठी?

निपाणीची भाची

नमस्कार मंडळी. सिनेमातलं मला फार कळत नाही, पण विचारायला दुसरं ठिकाण नाही म्हणून इथं लिहितेय.

माझा मामा माघात वारला. निपाणीत बस स्टँडच्या मागं त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, १९८५ ला घातलेली. केबल आली तशी गिऱ्हाइकी आटत गेली आणि शेवटी त्या गाळ्यात रिचार्जचं दुकान आलं. मामानं लग्न केलं नव्हतं. माडीवरच्या खोलीत तो आणि पत्र्याच्या दोन ट्रंका. आम्हाला वाटायचं, त्यात मारधाडीचे हिंदी सिनेमे असतील. दिवस झाल्यावर उघडल्या, तर गाजलेला एक सिनेमा नाही. ते त्यानं केव्हाच विकून टाकलेले. राहिल्यात त्या १४३ कॅसेटी. मराठी, कन्नड, हिंदी, काही परदेशी. नाव वाचून काही कळत नाही, कुणाकडं कधी ऐकलेलं नाही.

कॅसेटींच्या पाठीवर मामाच्या अक्षरात बॉलपेननं लिहिलंय. 'कटिंग जास्त'. 'शेवट नाही'. 'आवाज दुसरा'. बऱ्याच कॅसेटींवर 'फक्त ओळखीच्यास'. सोबत एक लांबट वही आहे, कुणी काय नेलं त्याची. नावं नाहीत. 'प्रोफेसर', 'कापड दुकान', 'हायस्कूल बाई', 'कंडक्टर'. अशी सातच माणसं, आणि वही आठ वर्षं चाललीय.

गेल्या आठवड्यात पुण्याकडचा एक खरेदीदार घरी आला. कुठनं कळलं त्याला, देव जाणे. जमिनीवर बसून दोन तास त्यानं एकेक कॅसेट हातात घेतली आणि अकरा बाजूला काढल्या. त्यांचे नऊ हजार देतो म्हणाला. बाकीच्या फुकट दिल्या तरी नकोत. आणि त्यानं सगळ्यात आधी उचलली ती 'शेवट नाही' वाली. ज्या सिनेमाला शेवटच नाही त्याला पैसे कसले, हे मला काही केल्या उमगेना. विचारलं, तर "दुर्मिळ आहे, खळबळजनक आहे" एवढंच म्हणाला.

भाऊ म्हणतो, घरात पोरी हायत, असली घाण भंगारात घाल. आई काही बोलत नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या भावानं जपलंय म्हणजे कारण असंल."

तर विचारायचं ते असं. जे चारचौघांत बसून बघता येत नाही, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, असल्या सिनेमांत माणसांना काय सापडतं? माझा मामा कसला माणूस होता? आणि पाऊस लागायच्या आत मी ह्याचं करू काय?

शहापूरचा रीळवाला

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या मनाला तोच लागून राहिलेला दिसतोय. सात माणसांसाठी १४३ कॅसेटी आठ वर्षं सांभाळणारा माणूस पैशासाठी ते करत नव्हता. असल्या कॅसेटींवर गाळ्याचं भाडंही सुटत नाही.

मी बेळगावात शहापूरला राहतो. वय ५१. माझ्याकडं अशा सहाशेवर कॅसेटी आहेत, आणि हे वेड मला कुठनं लागलं ते मला तारखेसकट नाही, पण दुपारसकट आठवतं.

दहा-अकरा वर्षांचा असेन. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या घरात कन्नड बाजारापुरतं. त्या दिवशी गिरीश कासरवळ्ळींचा 'घटश्राद्ध' लागला होता. १९७७ चा, काळा-पांढरा. दिवस गेलेली तरुण विधवा, आणि तिच्याकडं टक लावून बघणारं, वेद शिकायला आलेलं एक लहान पोरगं. मी त्याच वयाचा. सिनेमा निम्म्यावर आला आणि आमची आजी उठली. बटण पिळलं. "बंद." ओरडली नाही, कुणाला बोलली नाही. देवघरात जाऊन भिंतीला टेकून बसली ती दिवेलागणीपर्यंत. आम्हा पोरांना वाटलं, सिनेमात काहीतरी वाईट येणार होतं.

वाईटच येणार होतं. फार वर्षांनी आईनं सांगितलं, की आजीच्या थोरल्या बहिणीचं चौदाव्या वर्षी केशवपन झालं होतं, आणि तेव्हा तिचा हात धरून बसायला आजीलाच पुढं केलं होतं. आजी सात वर्षांची.

राहिलेला निम्मा सिनेमा मी बारा वर्षं हुडकला. धारवाडात एका निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात कॅसेट मिळाली. त्यांच्याच घरी बसून बघितली. शेवटी ती मुलगी डोकं भादरलेल्या अवस्थेत झाडाखाली बसलेली आहे आणि पोरगं तिला बघत बघत लांब चाललंय. तोपर्यंत आजी गेली होती. २०२४ ला त्याच सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली, तेव्हा त्या दिवशी घरात मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

ओढ लागते ती अशी, ताई. मधेच उठून कुणीतरी बटण पिळलेलं असतं. कुठं आजी, कुठं सेन्सॉर, कुठं सरकार. 'संस्कार' १९७० ला आला तेव्हा मद्रासच्या सेन्सॉरनं त्याला बंदी घातली होती. ती उठली, आणि त्याच सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, कन्नडमध्ये पहिल्यांदा. 'किस्सा कुर्सी का'ची तर आणीबाणीत निगेटिव्हसकट सगळी रिळं उचलून नेली आणि गुडगावात जाळली. १९७८ ला तो पुन्हा पहिल्यापासून काढावा लागला. आपला 'घाशीराम कोतवाल' घ्या. १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधनं शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून केलेला सिनेमा. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनाल ह्या संस्थेत. पेशव्यांच्या पुण्याची गोष्ट आणि प्रत जर्मनीत! 'ओम दर-ब-दर' १९८८ ला तयार होऊन पडला होता, थिएटरात लागला २०१४ च्या जानेवारीत. मधली पंचवीस वर्षं तो जगला ते तुमच्या मामासारख्या माणसांच्या ट्रंकांमध्ये, कॅसेटीवरनं कॅसेट, कॅसेटीवरनं कॅसेट, चित्र पार धुरकट होईपर्यंत.

आता पाठीवरचं लिखाण. 'कटिंग जास्त' म्हणजे सेन्सॉरनं जास्त कापलेला. हे त्यांना कसं कळायचं ते सांगतो, कारण आमचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. कॅसेट लावली की आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. सगळे तिथं पुढं पळवतात, आम्ही तिथं थांबवतो. खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण काढलेला असेल, तर सिनेमा कापून पास झालेला. वर रिळं किती आणि लांबी किती मीटर ते लिहिलेलं असतं. थिएटरातली ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. म्हणजे प्रमाणपत्रावर ३,८०० मीटर असेल तर सिनेमा १३९ मिनिटांचा. आपल्याकडच्या व्हिडिओवर सेकंदाला २४ च्या जागी २५ चौकटी पळतात, त्यामुळं साडेपाच मिनिटं आपोआप कमी भरतात. राहिली १३३. आणि तुमची कॅसेट १२५ मिनिटांत संपली, तर आठ मिनिटं कुठंतरी गेलीत. कधी ती कॅसेटवाल्यानंच काढलेली असतात, ई-१८० ची टेप तीन तासांचीच असते, लांब सिनेमा मावत नाही. कधी गाणं गेलेलं असतं. आणि कधी नेमका तोच प्रसंग, ज्याच्यासाठी दिग्दर्शकानं सिनेमा काढला. ती आठ मिनिटं हुडकत माणसं गोवा, हुबळी, कोल्हापूर पालथं घालतात. दोन वेगळ्या कॅसेटी शेजारी ठेवून वहीत मिनिटं मांडत बसतात. 'शेवट नाही' म्हणूनच आधी उचलली त्यानं. त्याच्याकडं कुठल्यातरी दुसऱ्या कॅसेटीवर शेवट असणार.

नुसत्या घाणीसाठी घेणारे असतात, ते मी नाकारत नाही. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

करायचं काय: एकही कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. बाजूची कळ दाबून पुढची झडप उचला आणि उजेडात टेपची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, असली कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर मशीन खराब होतं आणि त्याच्यानं बाकीच्यांना लागण होते. पत्र्याची ट्रंक पावसात घाम धरते. लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब, पुस्तकांसारख्या उभ्या लावा. विकायची घाई नको. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, त्यांना यादी पाठवून विचारा. आणि ती वही, ताई, ती कुणालाही देऊ नका.

एक शेवटचं. डिवचणारा आणि कुणाला माहीत नसलेला सिनेमा म्हणजे काय ते बघायला ट्रंक उघडायची गरज नाही. तुमच्याच गावावर आहे एक. 'तंबाखू चाकिला ऊब आली', १९८२, युगांतर नावाच्या बायकांच्या गटानं काढलेला, दीपा धनराज त्यात होत्या. २५ मिनिटांचा. निपाणीच्या वखारीतल्या बायका आणि त्यांची युनियन. चार महिने ह्या बायकांच्यात राहून काढलाय. त्याचीही रिळं नीट करून ठेवली ती त्याच बर्लिनच्या आर्सेनालनं. आता नेटवर बघायला मिळतो. निपाणीत मी किमान तीस जणांना विचारलंय. कुणी ऐकलेला नाही.

कोल्हापूर कोर्टकचेरी

एवढंच लक्षात असू द्या: कॅसेट तुमची आहे, सिनेमा तुमचा नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. संग्रहालयाला देण्यात अडचण नाही. कॉपी काढून नेटवर चढवायच्या भानगडीत पडू नका.

माजी शिक्षिका, टिळकवाडी

मी हे दोनदा वाचलं आणि मग लिहायला बसले. वहीतली 'हायस्कूल बाई' मी असेन असं छातीठोक सांगत नाही, निपाणीत तेव्हा शिक्षिका बऱ्याच होत्या. पण बस स्टँडच्या मागं गाळा, आत निळा पडदा, आणि कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून देणारा सावळा, उंच माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, हे जर तुमचे मामा असतील, तर मी १९८७ ते ९१ त्यांच्याकडनं कॅसेटी न्यायची.

बाई, तुमच्या मामाविषयी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, आणि रीळवाले, तुमचं एक चुकतंय.

'कटिंग जास्त' हे सेन्सॉरबद्दल नसणार. त्या काळी चांगल्या सिनेमाच्या कॅसेटीतही कॅसेटी पुरवणारे वरचे लोक मधेच भलताच तुकडा घुसडायचे. सिनेमाचा त्याच्याशी काही संबंध नाही, बाई वेगळी, खोली वेगळी, रंग वेगळा. गिऱ्हाईक वाढावं म्हणून. थिएटरात सकाळच्या खेळाला करायचे तेच. पहिल्यांदा मी एक कन्नड सिनेमा नेला, घरी आई होती, आणि चाळिसाव्या मिनिटाला ते आलं. दुसऱ्या दिवशी मी कॅसेट काउंटरवर आपटली आणि वळले. ते मागून आले. मान खाली. म्हणाले, "बाई, मला ठाऊक नव्हतं. चार दिवस द्या."

चार दिवसांनी कॅसेट नेली तर तुकडा गायब. टेप ब्लेडनं कापून चिकटवली होती. त्यानंतर माझ्यासाठी ठेवलेली प्रत्येक कॅसेट ते आधी स्वतः बघायचे, घुसडलेलं काढायचे आणि सिनेमातलं मूळचं जे असेल त्याला हात लावायचे नाहीत. हा फरक त्यांना कुणी शिकवला होता? मी नाही. एकदा एका सिनेमात नवरा बायकोला मारतो तो प्रसंग फार लांब होता, मी म्हटलं हाही काढला असता तर बरं. ते म्हणाले, "ते कथेतलं हाय, बाई. ते बघायलाच पायजे."

दुर्मिळ आणि खळबळजनक म्हणत गोळा करणाऱ्या पुरुषांचं मला नेहमी एक वाटत आलंय. पडद्यावरच्या बाईला कुणी विचारलं होतं का, हे ते विचारत नाहीत. किती मिनिटं गेली ते मोजतात. घुसडलेल्या तुकड्यातल्या बाईचं नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर नसतं. तो तुकडा काढून टाकणारा एक माणूस निपाणीत होता, आणि तो कुणाला माहीत नाही.

शहापूरचा रीळवाला

बाई, तुमचं म्हणणं मी मान्य करतो. तीस वर्षांत असं लिखाण मी अनेक कॅसेटींवर बघितलं आणि दरवेळी सेन्सॉर असंच धरून चाललो. जोड हुडकायचं मला कधी सुचलं नाही. आणि मिनिटांचं तुम्ही बोललात ते खरं आहे. माझ्या वह्यांत तुकड्यांची लांबी आहे. माणसं नाहीत.

भाचीताई, मग हे तपासावंच लागेल. 'कटिंग जास्त' वाली कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका. जोडाला साधी सेलोटेप वापरलेली असेल तर तिचा गोंद एवढ्या वर्षांत पाझरलेला असणार, तो मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला चिकटतो आणि टेप गुंडाळत जाते. उघडायला घाबरू नका, बारीक स्क्रू साधारण पाचच असतात, खालच्या बाजूला. कवच उघडलं की टेपचा वेटोळा दिसतो. जोड असेल तिथं कडेवर बारीक रेघ दिसेल. हात लावू नका, नुसता फोटो काढा.

खानापूर, नंदगडकडचा

पाऊस आमच्याकडं आधी येतो म्हणून सांगतो. चिमणीचा धूर लागत नाही अशी जागा बघा आणि तांदळाच्या पिंपात वगैरे ठेवू नका, आमच्या काकानं ठेवल्या होत्या, किडे झाले. कन्नड लेबलं वाचता येत नसतील तर फोटो टाका, मी वाचून देतो.

निपाणीची भाची

सगळ्यांची मी ऋणी आहे. बाई, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. खिशाचा शाईचा डाग ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

काल रात्री भाऊच म्हणाला, आण एक, उघडून बघू. त्याच्याकडं मोबाईल दुरुस्तीचे स्क्रूड्रायव्हर आहेत. 'कटिंग जास्त' अशा नऊ कॅसेटी आहेत, त्यातली एक उघडली. पाचच स्क्रू. वेटोळ्यात मधोमध आणि थोडं पुढं अशा दोन रेघा. जोड पिवळा पडलाय, पण कापलेली कड इतकी सरळ आहे की भाऊ बराच वेळ भिंगातनं बघत बसला. मग त्यानं तसंच झाकण लावलं, आणि बोलला काही नाही. आज सकाळी उठून सुताराकडं फळीचं माप देऊन आलाय.

आणि तो निपाणीचा सिनेमा आम्ही बघितला. फोनवर, आईच्या पलंगावर बसून. आईनं बावीस वर्षं वखारीत काढलीत, तंबाखू चाळायला. मला हे माहीत होतं, म्हणजे आकडा माहीत होता. पहिल्यांदा बघताना ती गप्प होती. दुसऱ्यांदा लाव म्हणाली. वखारीच्या आतलं चित्र आलं तिथं माझा हात धरला, "थांबव." आणि मग पडद्यावर बोट ठेवून सांगत राहिली. पदर नाकावरनं कसा घ्यायचा म्हणजे तंबाखूचा ठसका कमी लागतो. घरी आल्यावर पोराला पाजायच्या आधी अंग कसं धुवायचं, तरी वास जायचा नाही. रचून ठेवलेल्या तंबाखूत हात घातला तर आतनं कसा भाजल्यासारखा लागतो. मी विचारलं, युनियनच्या मीटिंगला तू जायचीस? तर म्हणाली, "मामा घेऊन जायचा सायकलवरनं. तुझ्या बापाला चालायचं नाही."

त्याच्याबद्दल मला हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

खरेदीदाराला नको म्हणून कळवलंय. पुण्याला पाठवायची यादी करतेय, ९६ झाल्या. खानापूरवाले दादा, कन्नड २१ आहेत, फोटो टाकते. रीळवाले अण्णा, रविवारी येणार असाल तर जेवायलाच या. बाई, तुम्हाला जमलं तर तुम्हीही या, बेळगावहून येताना दोघं एका गाडीत याल. वही मी काढून ठेवलीय. 'हायस्कूल बाई' पहिल्यांदा आहे ती १२ जुलै १९८७ ला. पुढं मामानं लिहिलंय, 'परत. चार दिवस.'